एक-चारचं मशीन

"माझं मशीन हळू मोजतं, पण मोजलेलं वाया जाऊ देत नाही," असं ताचिवा एकदा बोलून गेली. कुमासी शहरात असाफो भागातल्या एका गल्लीत युरोपातून आलेले वापरलेले संगणक हारीनं मांडून विकतात. त्या गल्लीत हे वाक्य पुढे कितीतरी दिवस फिरत राहिलं. काही जण ते मानानं म्हणत, बरेचसे टिंगलीनं. एखाद्या मशीनच्या कपाळावरचा आकडा लहान निघाला की दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, "ताचिवाच्या घराण्यातलं आहे. वाया काही जाऊ द्यायचं नाही." गिऱ्हाईक हसायचं आणि शेजारचं मोठ्या आकड्याचं मशीन उचलायचं.

हे तिच्या कानावर येत होतं. तिला राग येत नसे. आकड्यावर माणसाचा विश्वास बसतो, कारण आकडा बाहेर लिहिलेला असतो, एवढंच तिचं म्हणणं. आत कोण बघतं.

आत बघायची सवय तिला फार आधीपासून होती. बेकवाईजवळच्या गावातून चौदाव्या वर्षी ती मामाकडे आली, तेव्हा बोआदू मामा अंत्यविधींचे व्हिडिओ काढायचा. कुमासीत शनिवार हा गेलेल्यांचा असतो. अर्धं शहर काळ्या-तांबड्या कपड्यांत बाहेर पडतं, मांडव पडतात, ढोल वाजतात, आणि माणूस कसाही जगलेला असो, त्या दिवशी त्याचं सगळं नीट व्हावं लागतं. ताचिवानं तीन वर्षं मामाच्या खांद्यामागे उभं राहून दिवा धरला. दिवा धरणाऱ्याला रडणारा चेहरा कॅमेऱ्याच्या आधी दिसतो. कोणाचं रडणं पोटातून येतंय आणि कोण दिव्याकडे बघून रडतंय, हे तिला न सांगता कळायला लागलं.

मग मामानं तिला कापायला शिकवलं. दोन व्हीसीआर शेजारी शेजारी ठेवून, एकावरून दुसऱ्यावर. "विधवेनं मान खाली घातली की थांब," तो सांगायचा. "मान वर येईपर्यंत कापायचं नाही. घरच्यांना तेवढंच हवं असतं, बाकी सगळं मांडवाचं भाडं." त्यानं तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. जेवताना स्वतःच्या वाडग्यातला मांसाचा तुकडा बोटानं तिच्याकडे सरकवायचा आणि दुसरीकडे बघायचा, जणू तुकडा आपला आपणच गेला.

एकदा तिच्या आईच्या अंगणात सगळी माणसं जमलेली असताना तो म्हणाला, "माझ्या मागे स्टुडिओ हिचा. कुळाचं कुळात राहील." त्यात नवल काही नव्हतं. तिकडे पुरुषाच्या मागे जे उरतं ते त्याच्या बहिणीच्या मुलांचं. त्याची स्वतःची मुलं बायकोच्या कुळातली. पण मामानं ते बोलून दाखवलं, याचं तिला अप्रूप वाटलं. त्या एका वाक्यावर तिनं आक्राच्या टीव्हीतली नोकरी नाकारली, आणि सुन्यानीच्या एका शाळामास्तरालाही. मास्तर एवढंच म्हणाला होता, "मामानं कुळाला बोलावून दिलंय का? की नुसतं म्हणालाय?" त्यानंतर तिनं मास्तरकडे जाणं बंद केलं. मामाविषयी असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाबरोबर आयुष्य कसं काढायचं, हे तिला कळेना.

त्या कामात एक गोष्ट कोणाच्या हातची नसते. शनिवारी पुरतात, रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना होते, आणि सोमवारी सकाळी हॅम्बुर्ग, लंडन, न्यूयॉर्कहून आलेली मुलं-सुना आक्राची बस धरतात. बस सुटायच्या आत डिस्क त्यांच्या हातात पडली पाहिजे. नाही पडली तर तो व्हिडिओ पुन्हा कोणी मागायला येत नाही. परदेशातून आणलेलं दुःख तेवढंच टिकतं. स्टुडिओत संगणक आल्याला पाच वर्षं झाली होती, आणि पाच वर्षांत ताचिवाच्या हातून सोमवारची बस एकदाही चुकली नव्हती.

ते मशीन तिनं तुकड्या-तुकड्यांनी जमवलं होतं. एक हार्ड डिस्क बंद पडलेल्या सायबर कॅफेतली, दुसरी एका मिशनच्या कचेरीतली, पंखा भलत्याच कशातला. कपाळावर आकडा एक-चार: एक पूर्णांक चार गिगाहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला एकशेचाळीस कोटी ठोके. दुरुस्तीला दिलेल्या मशीनमधले भाग त्या गल्लीत अदलाबदल होऊन परत येतात, म्हणून जो तो आपल्या भागांवर खूण करून ठेवतो. कोणी अक्षर कोरतं, कोणी दोरा बांधतं. ताचिवानं मेमरीच्या तिन्ही पट्ट्यांच्या कडेला लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला होता.

मशीन पुरं झालं त्या आठवड्यात मामानं विचारलं, "गल्लीत आता दोनचे आलेत म्हणे. तू एक-चारला का चिकटून बसलीस?"

आईच्या अंगणात तेव्हा फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदाचा गोळा, कुटणं चाललं होतं. शेजारचा एक दांडगा गडी उभ्यानं मुसळ मारत होता, आणि आई उखळाशी बसून दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा पलटत होती.

"ते बघा मामा," ताचिवा म्हणाली. "आकडा म्हणजे मुसळ किती वेळा पडतं, तेवढंच. एका घावात किती चेचलं जातं ते त्यात येत नाही. हलकं मुसळ दुप्पट वेळा आपटलं म्हणून फुफू लवकर होतं का?"

"बरं. म्हणजे तुझं मुसळ जड."

"जड आहे. पण सगळं मुसळावर नसतंच. आईकडे बघा. तिच्याजवळ परात आहे. उकडलेला कसावा परातीत आहे म्हणून ती बसल्या जागी हात घालते. परात वाटीएवढी असती तर दर चार घावांनी उठून तिला चुलीवरच्या पातेल्यापर्यंत जावं लागलं असतं. तोवर मुसळवाल्यानं काय करायचं?"

"घाम पुसायचा," मामा म्हणाला.

"घाम पुसायचा. आणि आकडा मात्र तोच."

आई खालून म्हणाली, "तुमचं मशीन होईल, माझी बोटं जातील. गप्प बसता का जरा?"

गडी हसला आणि त्याचा एक घाव चुकला. मामाही हसला. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिनं खोक्याची बाजू उघडून त्याला दाखवलं. ह्या दोन हार्ड डिस्क म्हणजे दोन पातेली, एकातून घ्यायचं आणि दुसऱ्यात टाकायचं. आणि ही परात. तिनं एक पट्टी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. दोन्ही बाजूंचे खटके एकदम दाबायचे, एकच दाबला तर मोडतो. बसवताना खाच बघायची, जोर अंगठ्यांनी द्यायचा. तिनं त्याच्या हातून दोनदा काढून घेतली, दोनदा बसवून घेतली. मामाची बोटं कॅमेऱ्यावर वाढलेली, लगेच शिकली.

"ह्या तीन काढल्या ना मामा, तर हे मशीन रडेल," ती म्हणाली. "बाहेर एक-चारच दिसेल. कोणाला कळणार पण नाही."

"मला कळेल," मामा म्हणाला.

हे तिला पुढे फार वेळा आठवायचं होतं.

डेस्मंड हा मामाचा मुलगा. सात वर्षांनी हॅम्बुर्गहून परत आला तो पाच खोकी घेऊन, आणि एका खोक्यात दोन-आठ होतं. काळं, चकचकीत, आत निळा उजेड पडणारा पंखा. ठोके बरोबर दुप्पट. तो माणूस वाईट नव्हता. पाहुण्यांना थंड पाणी देणारा, ताचिवाला "ताई" म्हणणारा, चर्चमध्ये मोठ्यानं गाणारा. फक्त एवढंच, की त्याला आकडा वाचता येत होता आणि त्यापलीकडे काही वाचायची त्याला गरज वाटत नव्हती.

"मेमरी फार कमी आहे रे यात," ताचिवानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "एकच पट्टी, तीही छोटी. गल्लीत मिळतात. दोन टाक, मग हे खरंच पळेल. माझ्या पुढे जाईल."

"ताई, हे तिकडचं मशीन आहे. त्याला गल्लीतलं काही घातलं तर बिघडायचं."

"अरे, गल्लीतलं सगळं तिकडूनच येतं."

तो हसला. पंधरा दिवसांत रंगाऱ्याला बोलावून स्टुडिओच्या पाटीवर बोआदूच्या नावाखाली पिवळ्या रंगात हातभर उंचीचा २.८ काढून घेतला.

आणि मग ते सुरू झालं. मेलेल्याची पेटी शेजाऱ्यापेक्षा भारी हवी, मांडव शेजाऱ्यापेक्षा लांब हवा, तसं आता मशीनही मोठं हवं झालं. काळ्या कपड्यांतली माणसं दारात येऊन पाटीकडे बघत आणि विचारत, "आमच्या आईचं कशावर करणार?" एका घरच्या थोरल्या सुनेनं तर डोळे पुसता पुसता सांगितलं, "एक-चारवर नको हं. लोक म्हणतील, म्हातारीला कमीत उरकलं." ताचिवा कोपऱ्यात आपल्या मशीनशी बसून होती. खोक्याची बाजू नेहमीसारखी उघडी, तारा बाहेर, पंख्यावर धूळ. तिनं वर बघितलं नाही.

त्याच म्हातारीच्या व्हिडिओला दोन-आठनं रविवारी दुपारी मान टाकली. पडद्यावरची रेघ तासभर एकाच जागी. तीस फोटो, त्यावर मेणबत्त्या, त्यावर भजनाच्या ओळी, एवढं सगळं एकावर एक चढवलेलं, आणि आत परात वाटीएवढी. डेस्मंड चर्चमध्ये गात होता. मामा तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिनंच उठून सगळं आपल्या मशीनवर घेतलं, आणि संध्याकाळचे दिवे लागायच्या आत डिस्क तयार करून त्याच्या हातात दिली.

"पोराला सांगू नकोस," मामा म्हणाला. "नुकताच आलाय. चारचौघांत नाव जाईल."

"नाही सांगत."

"तू माझी शहाणी आहेस."

तिनं सांगितलं नाही. असं एकूण पाच वेळा झालं. सोमवारी बसस्टँडवर माणसं डिस्क छातीशी धरून एकमेकांना सांगत, दोन-आठवर केलंय, बघ किती लवकर दिलं. पाटीवरचा पिवळा आकडा उन्हात आणखी पिवळा दिसायचा. ताचिवाला वाटायचं, ठीक आहे, मामाला माहीत आहे ना. जगात एका माणसाला खरं माहीत असलं तरी पुरतं, असं तिला त्या वेळी वाटायचं.

जूनमध्ये मामानं कुळाला निरोप धाडला. स्टुडिओ हयातीतच मुलाच्या नावे करायचा आहे.

जिवंतपणी असं देता येतं, पण कुळाला बोलावून, सगळ्यांदेखत. घेणारा आभाराची म्हणून दारूची बाटली ठेवतो, कुळातला प्रत्येक जण एकेक पेला पितो, आणि एकदा सगळ्यांचे पेले रिकामे झाले की मग ते देणं कोणाला मोडता येत नाही. बेकवाईहून कुळातले वडीलधारे, अंत्वी आजोबा आले. त्यांनी चाळीस वर्षं लॉरी चालवली होती, आणि आता ते कुळ चालवत होते.

"बोआदू, अरे, तुझा मुलगा तुझ्या बायकोच्या कुळाचा," ते म्हणाले. "आमच्या पोरीनं सतरा वर्षं इथे घालवली. तिचं काय?"

"आजोबा, धंदा वेळेवर चालतो," मामा म्हणाला. "पोराचं मशीन दुप्पट वेगाचं आहे. ताचिवाच्या हाती दिलं तर दोन वर्षांत दाराला कुलूप. मी धंद्याचं बघतोय, पोराचं नाही."

ताचिवाची आई बाजारातून तशीच आली होती, अंगाला धुरावलेल्या माशांचा वास. ती म्हणाली, "दादा, तू माझ्या अंगणात बोलला होतास."

"बोललो होतो. तेव्हा दोन-आठ नव्हतं."

ताचिवानं मामाकडे बघितलं. पाच रविवार, पाच डिस्क. त्याला सगळं माहीत होतं. तो तिच्याकडे न बघता बोलत होता आणि आवाज नेहमीचाच होता, विधवेची मान वर येईपर्यंत थांब म्हणणारा. तिला वाटलं, मुलासमोर खरं बोलायला त्याला जड जातंय. आपणच त्याला वाट करून दिली पाहिजे.

"दुप्पट नाही, आजोबा," ती म्हणाली.

"पाटीवर तर लिहिलंय."

"तुमची लॉरी पहिल्या गिअरात टाकून इंजिन पिळलं तर?"

"बोंबलतं. लॉरी बैलासारखी चालते."

"आणि चौथ्यात?"

"इंजिन गुणगुणतं आणि आपण तेचिमानला पोचतो." आजोबा थांबले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "म्हणजे हा आकडा इंजिन किती फिरतं त्याचा. चाक किती फिरलं त्याचा नाही."

"तेच."

"आणि लॉरीत माल चढवणारी माणसं झोपलेली असली तर इंजिन कितीही फिरो."

"आजोबा, तुम्हीच चालवा आता स्टुडिओ."

माणसं हसली. डेस्मंडही हसला. आजोबा म्हणाले, "मला पटलं. पण माझं पटून काय उपयोग? बोलणं बोलण्याच्या जागी. गुरुवारी सकाळी दोन्ही मशीनं लावा. एकच काम, एकाच वेळी. मी बसून बघतो. ज्याचं आधी होईल त्याचा स्टुडिओ. कबूल?"

"कबूल," डेस्मंड म्हणाला.

"कबूल," ताचिवा म्हणाली. "मी हरले तर पहिला पेला माझा."

मामानं होकारार्थी मान हलवली. ताचिवाला त्याची दया आली. मुलगा हरणार, आणि हे त्याच्याएवढं कोणाला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती रस्त्यावर भाजलेली केळी आणि शेंगदाणे घेऊन, ते खात खातच आली. मामा आधीच आला होता. त्यानं तिचं मशीन पुसून लख्ख केलं होतं. वर्षानुवर्षं उघडी असलेली खोक्याची बाजू झाकून स्क्रू आवळले होते, तारा मागे गुंडाळून बांधल्या होत्या, आणि मशीन सुरू करून ठेवलं होतं.

"मोठी माणसं येणार," तो म्हणाला. "तुझं मशीन उघडंवाघडं दिसायला नको."

इतक्या वर्षांत त्या मशीनवरून कोणी फडका फिरवला नव्हता. तिनं केळ्याचा अर्धा तुकडा मामापुढे केला. त्यानं घेतला नाही. पोट ठीक नाही म्हणाला.

थोड्या वेळात डेस्मंड, आजोबा, आई आणि कुळातली आणखी दोघं येऊन बसली. काम आजोबांच्याच थोरल्या बहिणीच्या अंत्यविधीचं होतं, तासाभराचा तुकडा, फोटो, मेणबत्त्या, भजनं सगळ्यासकट. असल्या कामाला ताचिवाचं मशीन सव्वा तास घ्यायचं. दोन-आठला तीन लागतील असा तिचा अंदाज होता. आजोबांनी एक अट घातली: चालू असताना कोणी मशीनला हात लावायचा नाही. मग दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं.

दहा मिनिटांतच तिला ऐकू आलं.

आधी तिला ते दोन-आठचं वाटलं. मग तिनं मान वळवली. तिच्या खोक्यावरचा छोटा दिवा विझायचं नाव घेत नव्हता, आणि आत डिस्क खरखरत होती. थांबायची, पुन्हा सुरू. हा आवाज तिला माहीत होता. आत कोणीतरी उठून पातेल्याकडे जात होतं, मूठभर घेऊन परत येत होतं, बसत होतं, पुन्हा उठत होतं. मुसळ वर थांबलं होतं. घाम पुसणं चाललं होतं.

"मामा," ती म्हणाली, "याला काहीतरी झालंय."

"चालू असताना हात लावायचा नाही असं ठरलंय, पोरी," मामा म्हणाला. तो आपल्या चपलेकडे बघत होता.

आजोबा पाण्याची छोटी प्लॅस्टिकची पिशवी दातानं फोडून पीत होते. एकदा या पडद्याकडे, एकदा त्या पडद्याकडे. हळूहळू त्यांचं बघणं एकाच पडद्यावर राहिलं. दोन-आठ निवांत चाललं होतं, आतून आवाज असा नाहीच. एक तास पाच मिनिटांनी डेस्मंडचं काम संपलं. ताचिवाची रेघ पाव भागही पुढे सरकली नव्हती, आणि पडद्यावर आजोबांच्या बहिणीचा चेहरा अर्धवट उमटून थांबला होता, एक डोळा आणि कपाळ.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आजोबांनी रिकामी पिशवी हातात चुरगाळली. "पोरी," ते म्हणाले, "माझी तर खात्री होती."

"ताईचं मशीन म्हातारं झालंय, आजोबा," डेस्मंड म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "बघायचंय आतून? या, दाखवतो. तिकडची सफाई बघा कशी असते." त्यानं चार स्क्रू काढले आणि काळी बाजू सरकवली.

निळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला. आजोबा वाकले. ताचिवा दोन पावलांवर उभी होती. तिला वाकायची गरज पडली नाही.

"हे लाल काय आहे?" आजोबांनी बोट दाखवलं. "तीन ठिपके. ओळीनं."

डेस्मंडनं डोळे बारीक केले. "कंपनीची खूण असणार. तिकडे प्रत्येक भाग तपासतात आणि मग असा ठिपका देतात."

"व्यवस्थित लोक," आजोबा म्हणाले.

आपल्या खोक्यात काय असेल हे ताचिवाला न उघडताच कळलं. डेस्मंडची ती एक छोटी पट्टी, आणि शेजारी दोन रिकाम्या खाचा. काळ्या खोक्यातले खटके सगळे जागच्या जागी होते. एकही मोडला नव्हता. पट्ट्या दोन्ही बाजू एकदम दाबून काढलेल्या, खाच बघून, अंगठ्यांनी जोर देऊन बसवलेल्या. नीट काम. ज्यानं केलं त्याला कोणीतरी मन लावून शिकवलं होतं.

खोलीत सात माणसं होती. ते तीन ठिपके वाचता येणारी दोनच, आणि त्यातला एक आता पाटीच्या पाठच्या बाजूकडे बघत उभा होता. तिनं तोंड उघडलं असतं तर चार शब्द पुरले असते. आजोबांना लॉरी कळत होती, हेही कळलं असतं. मग कुळापुढे मामा चोर ठरला असता, आईचा थोरला भाऊ, तिला कडेवर घेऊन फिरलेला. आणि स्टुडिओ तिला मिळाला असता. ते दोन व्हीसीआर अजून कपाटावर पडून होते. ती खुर्ची, जिच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला होता, मला कळेल. सगळं मिळालं असतं, आणि त्यातली एकही वस्तू तिला हातात धरवली नसती.

डेस्मंडनं आभाराची बाटली आणून ठेवली. आजोबांनी थोडं जमिनीवर ओतलं, पूर्वजांची नावं घेतली, नुकत्याच अर्धवट उमटलेल्या त्या बहिणीचंही. स्वतःचा पेला घेतला. मग आईला दिला. आईनं एकदा भावाकडे बघितलं, एकदा लेकीकडे, आणि डोळे मिटून तो रिकामा केला. औषध घ्यावं तसा.

तिसरा पेला ताचिवाच्या हातात आला. "तुझा शब्द होता," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "पहिला तुझा म्हणाली होतीस. मी मुद्दाम तिसरा ठेवला. घे."

पेला काठोकाठ भरलेला होता. तिनं तो हलू दिला नाही. मामानं त्या सकाळी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखाजवळ लाल रंगाचा एक बारीक पापुद्रा चिकटलेला होता.

"पी ना, पोरी," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच.

मागे तिचं मशीन अजून खरखरत होतं. कोणी थांबवलंच नव्हतं. ताचिवा वळली, तो भरलेला पेला तिनं पुसून लख्ख केलेल्या खोक्यावर ठेवला, दारातल्या चपला पायात सरकवल्या, आणि पाटीखालून बाहेर पडली.